मालक गेला, मुनीम तोच?

नौपाडावाली:
नौपाड्यातलं घर आवरतेय. कपाटाच्या तळाशी बाबांचा पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम सापडला, कडेनं कसर लागलेला. न्यू हेब्रिडीजच्या (पॅसिफिकमधली बेटं, आताचं वानुआतू) एका तिकिटावर इंग्लंडच्या राणीचं 'ई टू आर' आणि फ्रेंचांचं 'आर एफ', दोन्ही. शेजारी मॉरिशसचं. खाली बाबांची पेन्सिल: "दोन्हीकडे रेनी."

शोधलं. सर जॉन शॉ रेनी, 1955 ते 62 न्यू हेब्रिडीजमध्ये ब्रिटिश रेसिडेंट कमिशनर (तिथला मुख्य ब्रिटिश अधिकारी), मग मॉरिशसचा गव्हर्नर. 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र (दांडीयात्रेची तारीख, मुद्दाम निवडलेली), आणि त्याच दिवशी हाच गृहस्थ गव्हर्नर-जनरल! हे कसं?

कळव्याचा बंड्या:
ताई, माउंटबॅटन विसरलात? जून 48 पर्यंत इथेच होते की. राणी नावापुरती राष्ट्रप्रमुख, हा तिचा प्रतिनिधी. सह्या करायच्या, फिती कापायच्या. रेनी तर काही महिन्यांतच गेला.

वाशीकर काका:
फिती कापण्याआधीचं बघा. न्यू हेब्रिडीज म्हणजे इंग्रज-फ्रेंचांचा सामाईक संसार: दोन कमिशनर, दोन पोलीसदलं, दोन कायदे. संयुक्त कोर्टाचा पहिला अध्यक्ष तर स्पेनच्या राजानं नेमलेला! तिथे सात वर्षं काढलेला माणूस मॉरिशसला कशाला घाबरेल?

पण खरी मेख 1965 ची. स्वातंत्र्याआधी हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, बदल्यात 30 लाख पौंड. मॉरिशसच्या मंत्र्यांची संमती 5 नोव्हेंबरला लंडनला कळवली ती रेनीनंच, तीन दिवसांत हुकूम निघाला. ती संमती खुशीची नव्हती, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला, 1973 पर्यंत चागोसमधली माणसं हलवली. रेनी तोवर काय करत होता? 1971 ते 77 पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा प्रमुख!

कळव्याचा बंड्या:
काका, तो हुकमाचा ताबेदार. लंडन सांगेल ते करणार.

वाशीकर काका:
असेल. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, जानेवारी 68 मध्ये दंगल पेटली तेव्हा सैन्य बोलावणाराही तोच. सगळंच लंडनवर ढकलू नकोस.

नौपाडावाली:
काका, तुमचं वाचून पुढचं पान उघडलं. सेशेल्सचं तिकीट आहे, वर 'बी.आय.ओ.टी.' असा छाप मारलेला. ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, आत्ता कळलं. चागोस त्यातच ना? बाबांनी याच्याखाली काही लिहिलेलं नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. खोडून पुन्हा काढलेलं.