क्रॉनच्या ओळीत तारीख आणि वार दोन्ही दिल्यास पुढची वेळ कशी काढावी?

प्रश्न: क्रॉनची (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामची) पाच रकान्यांची ओळ (मिनिट, तास, तारीख, महिना, वार; तारा * म्हणजे 'कोणतेही') वाचून पुढची वेळ काढणारे फंक्शन मी लिहीत आहे. '० ९ १३ * ५' चा अर्थ मी '१३ तारखेला शुक्रवार आला तरच सकाळी ९ वाजता' असा धरला. प्रत्यक्षात सर्व्हरवरचे काम दर शुक्रवारी चालते. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर १: गणित बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे. तारीख आणि वार या दोन्ही रकान्यांत ताऱ्याऐवजी आकडे असतील, तर क्रॉन त्यांना 'आणि'ने नव्हे, 'किंवा'ने जोडतो. म्हणून हे काम दर १३ तारखेलाही चालेल. (मीही यात एकदा फसलो आहे.) ओळीत फक्त तारीख ठेवून वार स्क्रिप्टमध्ये तपासावा.

उत्तर २: शोधताना एकेक मिनिट पुढे सरकू नका, महिना जुळत नसेल तर थेट जुळणाऱ्या महिन्याच्या १ तारखेच्या ००:०० वर जा, मग दिवस, तास आणि मिनिट पाहा. शोधाला मर्यादा मात्र घालाच, कारण '० ० ३० २ *' ही ओळ नियमांत बसत असली तरी ३० फेब्रुवारी कधीच उजाडत नाही. ती मर्यादा ८ वर्षांपेक्षा कमी नको: २१०० हे लीप वर्ष नसल्यामुळे २०९६ नंतरचा २९ फेब्रुवारी थेट २१०४ मध्ये येतो.

प्रश्नकर्ता: 'किंवा' लावल्यावर वेळा जुळल्या. मर्यादा मी ५ वर्षांची ठेवली होती, ती आता वाढवतो.