पीयूसी, इन्शुरन्स वेळेवर असताना दरवर्षी सर्व्हिसिंग खरंच लागतं का?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी, साताऱ्यात असतो. २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, फ्री सर्व्हिसिंग कधीच संपली आणि वॉरंटीही संपली. गाडी फार पळत नाही, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर होत असेल, रोजचं घर ते एमआयडीसी आणि अधनंमधनं मेढा-केळघर घाटानं महाबळेश्वरला सासुरवाडीला, नाहीतर पुण्याला. आता शोरूममधनं सारखे फोन येतायत सर्व्हिसिंग ड्यू आहे म्हणून. गेल्या वेळी नऊ हजाराच्या आसपास बिल झालं आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी काय होत्या तेच मला समजलं नाही. वडील म्हणतात सरकारला जे पाहिजे ते पीयूसी आपण देतोय, पासिंग पंधरा वर्षांनी, गाडी आवाज करत नाही, मग उगाच पैसे कशाला घालवायचे, काय बिघडलं तर फिटर आहेच की. मला त्यांचं पटतंय पण आणि घाटातनं लेकरांना घेऊन जाताना मनात येतंय पण. जाणकारांनी सांगा, कायद्यानं जेवढं लागतं तेवढं केलं तर चालतं का?

कृष्णाकाठ_सांगली
दादा आधी पीयूसीत काय बघतात ते बघा. सायलेन्सरमध्ये नळी घालून पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल असेल तर रेस करून धुराचा काळेपणा मोजतात, झालं, सर्टिफिकेट हातात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, लाइट यातलं काही कोणी बघत नाही आणि बघायचं त्यांचं कामही नाही. आणि पासिंग म्हणाल तर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, ते संपल्यावर फिटनेस होऊन पुढं ५-५ वर्षांनी रिन्यू. म्हणजे तुमच्या २०१९ च्या गाडीला सरकारी माणूस २०३४ ला पहिल्यांदा नीट वाकून बघणार. मधली सगळी वर्षं ती गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची आहे का हे बघणारे तुम्ही एकटेच. परदेशात काही ठिकाणी दर एक-दोन वर्षांनी खासगी कारची सक्तीची तपासणी असते, तिथं हा प्रश्न विचारला तर एकवेळ वेगळं उत्तर देता येईल, आपल्याकडं तसली तपासणीच नाही तर कायद्यापुरतं केलं म्हणजे गाडी बघितलीच नाही असं होतं.

आटपाडीचा_गडी
सर्व्हिसिंग पाहिजेच पण शोरूमचीच पाहिजे असं काही नाही. वॉरंटी संपलीय ना, मग चांगला फिटर बघा आणि समोर उभं राहून काम करून घ्या. ते नऊ हजाराचं बिल परत काढून वाचा, त्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक क्लिनिंग हे कामाचं, आणि इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग, टेफ्लॉन कोटिंग, एसीचा स्प्रे असलं काही असेल तर ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे का बघा, नसेल तर सरळ नको म्हणा, जॉब कार्डवर सही करायच्या आधीच म्हणा. माणसं सर्व्हिसिंगवर का चिडतात तर या असल्या जोडकामांमुळं, आणि मग त्या रागात ऑइल बदलायचं पण सोडून देतात, ते मात्र गाडीच्या मुळावर येतं. आमच्याकडं धुरळा इतका की मॅन्युअलमध्ये लिहिल्यापेक्षा लवकर एअर फिल्टर काढून झटकावा लागतो, मॅन्युअलमध्येच धूळ, घाट, जवळजवळच्या फेऱ्या यांसाठी वेगळा तक्ता असतो तो कोणी उघडून बघत नाही. आणि बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये अजिबात घालू नका, मिरज-पलूस पट्ट्यातलं तर नाहीच, आत खार धरतो, गाडी गरम व्हायला लागते आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं पॅकिंग) गेलं की मग खर्च किती ते विचारू नका.

शाहूपुरीकर
पण वर्षाला चार हजार किलोमीटरमध्ये ऑइल खराब कसं होणार? दहा हजाराला बदलायचं लिहिलंय ना?

कृष्णाकाठ_सांगली
दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं, तो दुसरा भाग लोक वाचत नाहीत. तुमचं घर ते एमआयडीसी म्हणजे इंजिन नीट तापायच्या आधीच प्रवास संपतो. थंड इंजिनमध्ये थोडं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरत राहतं, लांब चालली तर तापून उडून जातं, जवळच्या फेऱ्यांत तिथंच साठतं. त्यामुळं कमी चाललेल्या गाडीचं ऑइल चांगलंच असणार असं धरून चालू नका. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलीय तीच घाला, फिटर म्हणतोय म्हणून जाड ऑइल घालू नका.

वर्कशॉप_रिटायर्ड
एसटीच्या वर्कशॉपला आयुष्य गेलं, ब्रेकची कामं केली, म्हणून ब्रेकबद्दल जरा लांबण लावतो, वाचा. ऑइल नाही बदललं तर इंजिनचं नुकसान होईल, पैशाचं नुकसान आहे, भरून निघतं. ब्रेकचं तसं नाही बाळांनो.

तुमच्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम ब्रेक असणार. मागचा ड्रम उघडल्याशिवाय आत लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारा थर) किती राहिलंय, धूळ किती साठलीय, व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबानं लायनर ढकलणारा भाग) गळतोय का काही कळत नाही, बाहेरनं बघून सांगताच येत नाही. आणि ब्रेक ऑइल ही गोष्ट तर शंभरातल्या किती माणसांना माहितेय मला शंका आहे. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ ही ब्रेक ऑइलची ग्रेड, ते नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, त्यात पावणेचार टक्क्याच्या आसपास पाणी शिरलं की तोच आकडा १५५ वर येतो. आता तुम्ही पाचगणीवरनं पसरणी घाटानं वाईला उतरताय, गाडी भरलेली, पाय सारखा ब्रेकवर, पॅड तापले, ते दाबणारा कॅलिपर तापला आणि ऑइलला वाफ धरली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सपाटीला गावात चालवताना हेच ब्रेक एकदम ठणठणीत लागतात, म्हणून माणूस गाफील राहतो. महाबळेश्वरच्या पावसात आणि धुक्यात वर्षानुवर्षं जाणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच पाहिजे, बऱ्याच मॅन्युअलमध्ये पण तेवढीच मुदत असते, आणि फार महागाचं काम नाही ते.

अजून एक, सर्व्हिसिंग कितीही केली तरी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद तर कधीच नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम जातो, दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, चावी फिरवली तर स्टिअरिंग लॉक होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. घरातल्या सगळ्या चालवणाऱ्यांना हे सांगा, नुसतं वाचून ठेवू नका.

कराड_टुरिस्ट
काकांनी लाख मोलाचं सांगितलं. आमची पिवळ्या पाटीची गाडी, आम्हाला पासिंग चुकत नाही, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढं दरवर्षी. म्हणून सांगतो, पासिंग म्हणजे त्या दिवशी गाडी कशी होती तेवढंच. पासिंगच्या दिवशी ब्रेक लागला म्हणून पुढं कुंभार्ली घाटात लागेल असं कोणी लिहून देत नाही. आम्ही पासिंग असो नसो, दर ऑइलला चाकं काढून बघतोच, भाडं घेऊन निघालो की मागं दुसऱ्याचं कुटुंब बसलेलं असतं.

टायरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंच बाद, खाचेत छोटे उंचवटे असतात त्याला नक्षी टेकली की समजायचं. पण २०१९ च्या कमी चाललेल्या गाडीत नक्षी भरपूर दिसणार आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असणार. बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९ तर २०१९ चा तेविसावा आठवडा. बाजूनं बारीक चिरा दिसल्या तर नक्षी बघत बसू नका, बदला. स्टेपनीचा पण आकडा बघा. सीएनजी बसवलेली असेल तर टाकीची टेस्ट दर ३ वर्षांनी सक्तीची आहे, प्लेटवर तारीख असते.

आटपाडीचा_गडी
शाहूपुरीकर, शोरूमला एका कामासाठी मात्र फोन करा, चेसिस नंबर देऊन तुमच्या गाडीला काही रिकॉल निघालाय का विचारा, बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर पण बघता येतं. निघाला असेल तर ते काम फुकट करून देतात, वॉरंटी संपली असली तरी.

शाहूपुरीकर
वडिलांना काकांची पोस्ट वाचून दाखवली, ते म्हणाले ब्रेकचं करून घे. या रविवारी फिटरकडं नेतोय. मागचे ड्रम उघडणं, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, दोन्ही फिल्टर आणि कूलंट एवढं सांगू का? ब्रेक ऑइल बदललं हे मला कळणार कसं?

वर्कशॉप_रिटायर्ड
एवढं पुरे. सीलबंद डबा समोर फोडायला सांगा, उघडा पडलेला अर्धा डबा नको. नुसती वरची टाकी रिकामी करून भरली म्हणजे बदललं नाही, चारही चाकांच्या ब्लीडरमधनं (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा नट) जुनं काढायचं, एकजण पेडल मारतो आणि दुसरा नट सोडतो. जुनं काळपट-तपकिरी येतं, मग फिकट पिवळं स्वच्छ यायला लागतं आणि बुडबुडे थांबतात, तोवर चालू ठेवायचं. एबीएसवाल्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांना स्कॅनर लावून ब्लीड करावं लागतं, तुमच्या फिटरकडं आहे का आधी विचारा, नसेल तर तेवढं एक काम शोरूमला करा.