४५० एसएलचा वॉर्म-अप रेग्युलेटर कुठेच मिळत नाहीये, नागपुरात के-जेट्रॉनिकवर (बॉशचं जुनं पेट्रोल इंजेक्शन) कोणी हात घातलाय का?

धरमपेठचा_भाचा

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण वाचा जरा. मामांची १९७७ ची मर्सिडीज ४५० एसएल आता माझ्याकडे आली आहे. मामा गेल्यावर अकरा वर्षं पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, उंदरांनी थोडं वायरिंग खाल्लं पण बॉडी एकदम चांगली आणि डॅशला एक क्रॅक नाही, नागपूरच्या उन्हात हे म्हणजे नवलच. टाकी उतरवून धुतली, पंप नवा, फिल्टर नवा, होज सगळे बदलले, प्लग बॅटरी वगैरे झालं आणि गाडी चालू झाली. झाली म्हणजे कशी, सकाळी स्टार्टर मारला की पकडते, खोकते, इनटेकमधून फटाका वाजतो आणि बंद. चार-पाच वेळा असं झालं की मग टिकते पण ओढत नाही. दुसरा लोचा गरम झाल्यावर. मागच्या रविवारी रामटेकला निघालो, मनसरला तर्री-पोहे खायला थांबलो, वीस मिनिटांनी परत आलो तर चालू व्हायला तयार नाही. चाळीस मिनिटं बॉनेट उघडून उभा, येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतोय "विकायची आहे का".

इथल्या एका मेकॅनिकने सांगितलं की वॉर्म-अप रेग्युलेटर आणि फ्युएल डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना पेट्रोल वाटणारा भाग) दोन्ही गेले, आता बनत नाहीत. दुसरा म्हणतो ही भानगड उखडून फेका, आठ दिवसात कार्बोरेटर बसवून देतो. बाहेरच्या एका विक्रेत्याने नुसत्या रेग्युलेटरचा जो भाव सांगितला त्यात बरी सेकंडहॅन्ड ऍक्टिव्हा येते, आणि चालेल याची गॅरंटी नाहीच. तर कोणाकडे आहे का, किंवा कुठे शोधू? पैसे घालायची तयारी आहे पण मूर्ख बनायची नाही.

तर्रीबाज

अबे कार्बोरेटरचं नाव नको घेऊ बे, मामा वरून चप्पल फेकतील.

आधी सांग गेज लावलं का? म्हणजे पेट्रोलचं प्रेशर कोणी मोजलं का, का नुसतं कानाने ऐकून "दोन्ही गेले" म्हणून सांगितलं? मला वाटते कोणीच मोजलं नाही. नागपुरात हेच होऊन राहिलं, डब्बा पाहिला नाही कधी म्हणून डब्बा खराब.

हे इंजेक्शन पूर्ण मेकॅनिकल आहे, त्यात कॉम्प्युटर नाही. के म्हणजे जर्मनमधलं कंटिन्युअस, आठही इंजेक्टर सतत फवारत राहतात, उघड-मीट नाही. हवा आत जाताना एक गोल थाळी सरकवते, थाळीची दांडी डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर ढकलते, प्लंजर जेवढा वर तेवढं पेट्रोल जास्त. आणि त्या प्लंजरच्या डोक्यावर वरून दाबून ठेवणारं पेट्रोलच असते, त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात, ते ठरवतो तुझा वॉर्म-अप रेग्युलेटर. थंड इंजिनला त्याने दाब कमी ठेवायचा म्हणजे प्लंजर सहज वर जातो आणि मिक्सचर रिच (पेट्रोल जास्त), गरम झालं की आतली बायमेटल पट्टी तापून दाब वाढवते. आता तुझी गाडी सकाळी खोकते आणि इनटेकमधून फटाके मारते, म्हणजे लीन (पेट्रोल कमी) चालून राहिली, म्हणजे कंट्रोल प्रेशर जास्त असू शकते. पण असू शकते, आहे असं मी मोजल्याशिवाय म्हणत नाही.

शून्य ते दहा बारचं गेज, एक टी आणि एक व्हॉल्व्ह एवढंच लागते. डिस्ट्रिब्युटर आणि रेग्युलेटरच्या मधल्या पाइपात लाव, व्हॉल्व्ह गेजच्या पुढे रेग्युलेटरच्या बाजूला पाहिजे. व्हॉल्व्ह बंद केला की सिस्टिम प्रेशर (पंपाकडून येणारा पूर्ण दाब) दिसते, उघडला की कंट्रोल प्रेशर, आणि इंजिन बंद करून पाहत बसला की कळते दाब टिकते का नाही. मनसरचं उत्तर त्या तिसऱ्या रीडिंगमध्ये आहे.

पुणेरी_पाना

वरच्या भाऊंशी सहमत, आधी मोजा. पण पार्ट शोधायचाच झाला तर मर्सिडीजच्या नंबराने शोधू नका, बॉशच्या नंबराने शोधा. रेग्युलेटरच्या अंगावर ०४३८१४० ने सुरू होणारा नंबर ठोकलेला असतो, डिस्ट्रिब्युटरवर ०४३८१००, ऍक्युम्युलेटरवर (पंप बंद झाल्यावर दाब धरून ठेवणारा डबा) ०४३८१७०, इंजेक्टर ०४३७५०२. पुढचे तीन आकडे महत्त्वाचे. हीच सिस्टिम पोर्शे ९११, व्होल्वो २४०, साब, ऑडी, गोल्फ जीटीआय, इतकंच काय त्या स्टीलच्या डेलोरियनमध्येसुद्धा होती, त्यामुळे जगात माल भरपूर पडलाय, फक्त मर्सिडीज म्हणून शोधलं की भाव चढतो.

मात्र व्होल्वोचा रेग्युलेटर दिसायला सेम आहे म्हणून उचलून लावू नका. खोकं तेच असलं तरी आतलं सेटिंग प्रत्येक नंबराला वेगळं, थंडीत किती आणि गरम किती हे त्या-त्या इंजिनासाठी ठरवलेलं असतं. आतल्या सुट्या भागांसाठी डोनर म्हणून ठीक. डिस्ट्रिब्युटर तर आठ तोंडांचाच हवा, तो मुळात कमी गाड्यांत आहे.

आणि कोणी "डब्ल्यू१२४ च्या (नंतरची ई-क्लास मर्सिडीज) भंगारातून काढून देतो" म्हणालं तर हात जोडा. आमच्याकडे पुण्यात १९९५ पासून ज्या बनल्या त्या ई२२० आणि डिझेल, त्यांचं काहीच जुळत नाही. बाहेरून आलेल्या त्याआधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत केई-जेट्रॉनिक (के-चीच इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाली पुढची आवृत्ती) असतं, त्यात वॉर्म-अप रेग्युलेटर नावाची वस्तूच नसते.

माझा स्वतःचा शहाणपणा सांगतो, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून "न वापरलेला जुना स्टॉक" म्हणून मी रेग्युलेटर मागवला, फोटो एका नंबराचा आणि डब्यात निघाला दुसऱ्याच नंबराचा, वर पॉलिश मारलेलं आणि आत गंज. परत पाठवायचा खर्च वस्तूएवढा. तेव्हापासून मी अंगावरच्या नंबराचा आणि नळी लागते त्या भोकाच्या आतला फोटो मागतो, नाही दिला तर व्यवहार नाही. शिवाय वापरलेला पार्ट कस्टममध्ये अडकू शकतो. शक्यतो आपलाच पार्ट रिपेअर करून घ्यावा हे बरं, पडदा आणि ओ-रिंगचे किट मिळतात. मर्सिडीजचं स्वतःचं क्लासिक सेंटर स्टुटगार्टजवळ फेलबाखला १९९३ पासून आहे, बॉशचंही जुन्या पार्ट्सचं वेगळं खातं आहे, दोघांना चेसिस नंबर आणि पार्ट नंबर देऊन मेल टाका, मेलला पैसे पडत नाहीत.

उगाच_एक

विकून टाक आणि क्रेटा घे. एसी तरी चालेल मे महिन्यात.

तर्रीबाज

@उगाच_एक तू झोप.

वाडीचा_पंपवाला

मी वाडीला ट्रकचे डिझेल पंप करतो, तीस वर्षं झाली, सगळं आयुष्य मायकोच्या पंपात गेलं. तुमच्या पेट्रोलवाल्या सिस्टिमचे चार-पाच नग माझ्याकडे येऊन गेले म्हणून लिहितो.

भाच्या, रेग्युलेटर उघडायच्या आधी एक काम कर. त्याला दोन नळ्या असतात, त्यातली जी डिस्ट्रिब्युटरकडून येते तिचं युनियन खोल आणि भोकात टॉर्च मार. आत अगदी बारीक जाळी असते. अकरा वर्षं उभी गाडी, तू टाकी धुतली, पंप बदलला, पण नळ्यांमधला जो गाळ होता तो कुठे गेला? तिथेच जाऊन बसला असणार. रेग्युलेटरचं काम म्हणजे जास्तीचं पेट्रोल परत टाकीकडे सोडून दाब कमी ठेवणं. जाळी चोंदली की सोडता येत नाही, दाब चढतो, गाडी लीन. मग लोक म्हणतात रेग्युलेटर गेला. जाळी सुईने टोचू नको, फाटली तर मेला. कार्ब क्लीनर आणि उलट्या बाजूने हलकी हवा, बस.

डिस्ट्रिब्युटर मात्र खोलू नको, कोणाला खोलू पण देऊ नको. तुझा ओतीव लोखंडाचा आहे, आत केसासारख्या बारीक चिरा आणि स्टीलचा पातळ पडदा आहे, तो जोडताना जरा इकडे-तिकडे झाला की आठ तोंडांतून आठ प्रकारचं पेट्रोल. प्लंजर मोकळा आहे का एवढं पाहा, थाळी हाताने सरकवून बघ, सगळीकडे सारखं जड लागलं पाहिजे, अडकायला नको. आणि त्या दोघांपैकी कोणी तीन एमएमची ऍलन की घालून मिक्सचर फिरवलं का ते विचार. तो स्क्रू पाव आटा पण खूप झाला, आणि आपल्याकडे जो येतो तो एक आटा फिरवून जातो.

इंजेक्टर तपासायला डिझेलवाल्याकडे जाशील तर त्याला सांगावं लागेल, आमच्या टेस्टरचं गेज चारशे बारचं असते, ट्रकचा नोझल दोनशेच्या पुढे उघडतो, तुमचा साडेतीनला. त्या गेजवर साडेतीन म्हणजे काटा हललाच नाही असं दिसते. माझ्याकडे दहा बारचं वेगळं ठेवलं आहे.

धरमपेठचा_भाचा

काका, तर्रीबाज भाऊ, पुणेरी दादा, तिघांनाही दंडवत. हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिकवाल्याकडून टी, व्हॉल्व्ह आणि गेज जमवलं, युनियनचे आटे बसत नव्हते तर लेथवर ऍडॉप्टर करून घेतले, त्यात दोन दिवस गेले. आता आकडे, प्रेशरचे सगळे बारमध्ये.

सकाळी साडेसहा, पोर्चमध्ये ३१ डिग्री. सिस्टिम प्रेशर ५.३. थंड कंट्रोल प्रेशर ३.४. गरम झाल्यावर ४.६. मग काकांनी सांगितलं तसं युनियन खोललं आणि आत जाळी दिसलीच नाही, चहाच्या गाळणीत तळाला बसतो तसला तपकिरी चिखल. धुतलं, फुंकलं, परत जोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला थंड २.१, गरम ३.६. पहिल्या फटक्यात चालू, एकदाही खोकली नाही. बायको बाहेर येऊन म्हणाली आज आवाज वेगळा आहे. म्हणजे जो पार्ट मी जगभर शोधत होतो तो गाडीवरच धडधाकट होता आणि ऍक्टिव्हाएवढे पैसे वाचले.

पण थंड २.१ बरोबर आहे का? नेटवर एका ग्राफमध्ये दीडच्या आसपास दाखवतोय.

आणि गरमचा लोचा तसाच आहे. बंद केल्यावर दहा मिनिटात गेज ०.८ वर येतं.

तर्रीबाज

ग्राफवर खाली तापमान लिहिलं असेल न भाऊ, तो दीड वीस डिग्रीचा असते. जर्मनीतली थंड आणि आपल्या मे महिन्यातली थंड एक नाही, तुझी गाडी ३१ ला "थंड" आहे, तिथे बायमेटल आधीच अर्धी वाकून बसली. २.१ मस्त आहे, हात लावू नको. ३.६ पण बरोबर.

०.८ मात्र खराब. दाब राहिला नाही की इंजिनच्या गर्मीने पाइपातलं पेट्रोल उकळते आणि वाफ होते, मनसरला तेच झालं. पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) किंवा ऍक्युम्युलेटर. पंप नवा आहे तर मी पैसे ऍक्युम्युलेटरवर लावीन.

वाडीचा_पंपवाला

बरोबर. गाडीच्या मागे खाली पंपाशेजारी गोल डबा आहे तो. त्याच्या मागच्या टोकाला बारीक नळी असते, ती काढून पाहा, पंप चालू असताना तिथून पेट्रोल आलं की आतला पडदा फाटला. त्याला रिपेअर नाही, नवाच घ्यावा लागतो, पण हा पार्ट अजून मिळतो, रेग्युलेटरसारखं रडायचं काम नाही.

दुसरं, पेट्रोल कोणतं टाकतो? आता पंपावर ई२० मिळते, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढते आणि उभ्या गाडीत ते पाणी तुमच्या लोखंडी डिस्ट्रिब्युटरला खाते, जुने रबर पण फुगवते. होज बदलले ते व्हिटॉनचे (इथेनॉल सोसणारं रबर) आहेत का विचारून घे. पेट्रोलमध्ये किती आहे ते घरी कळते, शंभर मिलीच्या काचेच्या नळीत दहा मिली पाणी आणि नव्वद पेट्रोल घालून हलव, ठेवून दे. खालचा पाण्याचा थर दहाच राहिला तर इथेनॉल नाही, वाढून पंचवीसच्या पुढे गेला तर ई२०. चालव किंवा काढून ठेव, पण टाकी भरून पावसाळाभर उभी करू नको.

पुणेरी_पाना

कार्बोरेटरवाल्याला उत्तर म्हणून अजून एक. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं. तुमची ७७ ची आहे, फार लांब नाही. इंजिनमध्ये आत्ता उखडाउखडी करून तेव्हा कपाळाला हात लावायची वेळ येऊ नये.

धरमपेठचा_भाचा

बारीक नळी काढली, पंप चालू केला, पेट्रोलची धारच लागली. ऍक्युम्युलेटरच. अंगावरचा नंबर वाचून तोच मागवलाय, विक्रेत्याकडून भोकाच्या आतला फोटोसुद्धा मागितला, तो वैतागला पण पाठवला.

पाण्याचा प्रयोग केला, थर अठ्ठावीसवर गेला. मुलगी म्हणते शाळेत हेच दाखवा.

काका, आता गाडी गरम असताना ट्रॅफिक सिग्नलला किंचित थरथरते, एखाद-दोन सिलिंडर कमी पडतायत असं वाटतं. इंजेक्टर तुमच्याकडे आणू का?

वाडीचा_पंपवाला

इंजेक्टर सुटे आणू नको, गाडीच आण. आठही बाहेर काढून आठ सारख्या बाटल्यांत सोडू, पंप चालवू आणि थाळी सरकवून धरू, कोणत्या बाटलीत कमी पडलं ते डोळ्याने दिसेल. मग त्या तोंडावर दुसरा इंजेक्टर लावून परत पाहू, कमी तिथेच राहिलं तर डिस्ट्रिब्युटर, इंजेक्टरसोबत गेलं तर इंजेक्टर. बाटल्या काचेच्या आणि एकाच मापाच्या पाहिजे, प्लास्टिक चालणार नाही. सकाळी लवकर ये, ऊन चढल्यावर उघडं पेट्रोल मी हाताळत नाही, आणि सोबत बिडीवाला मित्र आणू नको.

धरमपेठचा_भाचा

रविवारी सहाला निघतो. बाटल्या सातच मिळाल्या सारख्या, आठवी शोधतोय.

तर्रीबाज

आठवी मी आणतो, लोणच्याची आहे, धुऊन आणतो. मले पण पाहायचं आहे.