मदत हवी आहे: टॉप बँड कॉन्टेस्टसाठी बेव्हरेज खाडीकाठी की सड्यावर?

मंडळी, नमस्कार.

जानेवारीअखेरच्या १६० मीटर (टॉप बँड) सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स कोडच्या, हॅम रेडिओ कॉन्टेस्टची तयारी करतोय. अडचण पाठवण्याची नाही, ऐकण्याची आहे.

घर जयगड खाडीच्या काठी, आगरात. १०० वॅटचा रिग (रेडिओ संच). माडाच्या आधाराने १४ मीटर उभी चढवून पुढे आडवी नेलेली इन्व्हर्टेड एल, तिचे रेडियल (जमिनीलगतच्या तारा) खाऱ्या चिखलात उतरवलेले. ही अँटेना जोरात बोलते. गेल्या वर्षी पहाटे सीक्यू (सर्वांना हाक) दिला की रिव्हर्स बीकन नेटवर्कवर (ऐकू आलेल्या हाका आपोआप नोंदवणारं जाळं) युरोपातून लगेच माझी नोंद दिसायची. हेडफोनमध्ये मात्र नुसती खरखर. कोणीतरी उत्तर देत असणार आणि मी त्यांच्यावरच पुन्हा सीक्यू देत असणार. हे मनाला फार लागलं. समोरचा माणूस रात्र जागून हाक मारतो आणि आपण ओ देत नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणून पावसाळा संपल्यावर खाडीच्या बांधावरून १७० मीटरची बेव्हरेज (एका दिशेने ऐकणारी लांब आडव्या तारेची अँटेना) ओढली. उंची अडीच मीटर, तोंड ३२५ अंशांना, लांबच्या टोकाला ४७० ओमचा रेझिस्टर. ग्राउंड रॉड खाऱ्या मातीत सहज पाच फूट गेले, त्यामुळे काम चोख झालं असं धरून चाललो होतो. पण दिशा अशी काही नाहीच! पुढचं-मागचं सारखंच ऐकू येतं. रेझिस्टर काढला तरी फरक कळत नाही.

आता मामा म्हणतात, सड्यावरची आपली जागा वापर. घरापासून सुमारे ३०० मीटर अंतरावर, वर, सगळा काताळ (उघडा खडक), मध्ये करवंदाच्या जाळ्या आणि एक गडगा (दगडी बांध). तिथे रॉड ठोकायचा कसा? एवढी लांब कोॲक्स केबल ओढली तर सिग्नल उरेल का? आणि जागा एकाच तारेपुरती असेल तर ती जपानकडे लावू की युरोपकडे?

आणखी एक. दर सेकंदाला टिक-टिक असा ठोका येतो, शिवाय संध्याकाळी दव पडलं की करकर वाढते.

---

काताळवाट:

दादा, तुमची तार बरोबर आहे, जागा चुकली आहे.

बेव्हरेज चालते ती जमीन वाईट असते म्हणून. उभ्या ध्रुवणाची लाट कमी वाहक जमिनीवरून जाताना तिचा पाय मागे रेंगाळतो आणि ती पुढे झुकते. त्या झुकण्यामुळे विद्युतक्षेत्राचा थोडा भाग तारेच्या दिशेने आडवा पडतो आणि तारेत सिग्नल साठत जातो. खाऱ्या पाण्यावर, खाऱ्या चिखलावर लाट जवळजवळ सरळ उभी राहते, मग आडव्या तारेला मिळणार काय? म्हणजे जी खाडी तुमच्या ट्रान्समिट अँटेनाला वरदान आहे, तीच बेव्हरेजच्या मुळावर येते. हॅरॉल्ड बेव्हरेज यांनी १९२० च्या दशकात ही अँटेना पुढे आणली तेव्हापासून तिचं हे गणित ठरलेलं आहे. जांभ्याचा सडा म्हणजे तिच्यासाठी सोन्यासारखी जागा. तुमच्यासारखी जागा हजारात एकाला मिळते: पाठवायला खाडी, ऐकायला सडा.

रॉड जात नसेल तर नाद सोडा. दोन्ही टोकांना १५-२० मीटरच्या चार-चार तारा काताळावर पसरा, मुख्य तारेला शक्यतो काटकोनात. वर दगड ठेवा म्हणजे झालं. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल ऑक्साइडचा, वायरवाउंड अजिबात नको. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर १ ते ७ मेगाहर्ट्झ एसडब्ल्यूआरचा (अँटेना-केबल जुळणीचा) आलेख काढा. आलेखात चढउतार सर्वांत कमी दिसतील ती रेझिस्टरची ओम-किंमत ठेवा.

केबल टीव्हीची ७५ ओमची कोॲक्स ३०० मीटर चालेल. दोन-तीन डेसिबल गेले तरी बिघडत नाही. आपल्याला सिग्नल मोठा करायचा नाही, त्याच्याभोवतीचा गोंगाट कमी करायचा आहे. तार आणि कोॲक्स जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वाइंडिंग वेगळी ठेवा, कोॲक्सकडे २ वेढे, तारेकडे ५. एकाच वाइंडिंगवरून टॅप घेतलात तर घरातला सगळा कचरा कोॲक्सच्या जाळीवरून वर चढेल.

---

पहाटेचा_सीडब्ल्यू:

दिशेबद्दल. आपल्याकडून लंडन साधारण ३१८ अंश, न्यूयॉर्क ३३३. १७० मीटरच्या तारेचा झोत एवढा रुंद असतो की ३२५ ला लावली की दोन्ही पदरात पडतात. जपान ५८ च्या आसपास, त्याला वेगळी तार लागेल.

घड्याळ बघा. कॉन्टेस्ट २२०० यूटीसीला, म्हणजे शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू होते. तेव्हा जपानात सूर्य उगवण्याच्या बेतात असतो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मावळत असतो. साडेतीन ते सव्वासात, आपला सूर्योदय होईपर्यंत, युरोप आणि अमेरिका दोन्ही अंधारात. हा वेळ वाया घालवू नका. एकच तार असेल तर ३२५, दुसरा विचारच नको. शिवाय जानेवारीत विजांचा मोठा गोंगाट इंडोनेशियाकडून म्हणजे आग्नेयेकडून येतो, तो बरोबर तुमच्या पाठीमागे पडेल. मादागास्करकडचा नैर्ऋत्येचा बाजूला पडतो.

---

आंबेवाली:

टिक-टिक म्हणजे बहुतेक झटका मशीन, बागेच्या कुंपणाचं. आमच्या कलमांच्या बागेत वानरांसाठी लावलं होतं तेव्हा माझ्या रेडिओवर हेच येत होतं. तारेला गवत किंवा फांदी लागली की ठिणगी पडते. शेजाऱ्यांना विचारून कुंपण एकदा फिरून साफ करा, अर्धं काम होईल. दवाबरोबर वाढणारी करकर विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरची. समुद्राचं मीठ त्यावर बसतं, कोरडं असताना गप्प, ओलं झालं की ठिणग्या. पहिल्या मोठ्या पावसात धुऊन निघतं, जानेवारीत मात्र नाही. बॅटरीवरचा छोटा रेडिओ घेऊन नेमका खांब शोधा आणि खांबाचा नंबर लिहून तक्रार द्या. स्वतः खांबाला हात लावू नका.

आणि सड्यावर वणव्याचं लक्षात ठेवा! जानेवारीत गवत वाळलेलं असतं. तारेखालचं चार फूट तरी कापून घ्या. गुरांच्या पायवाटेवर तार तीन मीटरवर न्या, माणग्याच्या (बांबूच्या) काठ्या चांगल्या टिकतात.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. खारी माती म्हणजे उत्तम ग्राउंड, एवढंच डोक्यात होतं. ते उत्तमच आड येत होतं हे सुचलंच नाही.

काल मामांबरोबर सड्यावर जाऊन कंपासने ३२५ ची रेघ मारली. १८० मीटर मोकळे मिळतात, गडगा ११० व्या मीटरवर लागतो, तो ओलांडताना तार उंच घेईन. कुंपणवाले काका आमचे लांबचे नातेवाईकच, ते म्हणाले रविवारी दोघं मिळून फांद्या तोडू.

एक विचारायचं राहिलं: कॉन्टेस्टपर्यंत न थांबता दिशा तपासायची कशी?

---

काताळवाट:

दिवसा पणजी आकाशवाणी लावा, १२८७ किलोहर्ट्झ. तुमच्याकडून ती दक्षिण-आग्नेयेला, म्हणजे तारेच्या जवळपास पाठीमागे येते. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) बघा, मग वर जाऊन रेझिस्टर सोडवा आणि परत बघा. पणजी चढली तर तार काम करतेय. त्या फ्रिक्वेन्सीला १८० मीटर तार जरा आखूड पडते, तेव्हा फरक टॉप बँडपेक्षा कमी दिसेल. घाबरू नका.