अननस, नारळ आणि रम घरी करायचंय, पण नारळाचं दूध फुटतंय

मृणाल_प्रतापनगर:
नमस्कार. धुळवडीच्या संध्याकाळी आमच्याकडे आठ जण आहेत. दीर-जाऊ वर्ध्याहून येताहेत, बाकी नवऱ्याचे मित्र आणि त्यांच्या बायका. रम आणि कोला दर वेळचंच, म्हणून यंदा पिना कोलाडासारखं काहीतरी करावं असं मनात आहे. काल एक ग्लास करून पाहिला. डब्यातला अननसाचा ज्यूस, पॅकेटमधलं नारळाचं दूध, पांढरी रम आणि बर्फ. गोड झाला, पण पाणचट. थोड्याच वेळात नारळाचे पांढरे कण वर तरंगायला लागले. नारळाचं नेमकं काय वापरतात? घरी ओल्ड मंक या काळसर रमची भरलेली बाटली आहे, ती चालेल की पांढरीच हवी? शेकर वगैरे नाही, रोजचा मिक्सर आहे. सासूबाई घेत नाहीत, त्यांच्यासाठीही त्याच चवीचं काही सुचवा.

अजनीचा_पंकज:
ताई, एवढी उठाठेव काहून करता जी? अननस मिक्सरमधून काढा, दोन स्कूप व्हॅनिला आइस्क्रीम टाका, रम ओता, झालं. लहान भावाच्या साखरपुड्यानंतर आम्ही मित्रांनी असंच केलं होतं, सगळ्यांना आवडलं.

जुना_बारमन:
मृणालताई, नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉटेलचा बार मी बरीच वर्षं सांभाळला. हे पेय माझ्या जिवाभावाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नारळ, कारण अडचण तिथेच आहे. पिना कोलाडा हे पोर्तो रिकोचं पेय. सान हुआनच्या करीबे हिल्टन हॉटेलात ते १९५४ साली पहिल्यांदा केलं असं ते हॉटेल सांगतं, आणि १९७८ पासून ते पोर्तो रिकोचं राष्ट्रीय पेय आहे. तिकडे त्यात नारळाचं दूध पडत नाही. पडते ती साखर घालून आटवलेली नारळाची साय, कंडेन्स्ड मिल्कइतकी दाट. पॅकेटमधल्या दुधात पाणी खूप. बर्फाने गार झालं की त्यातलं तेल थिजतं, वर अननसाचा आंबटपणा, म्हणून कण दिसतात.

साय घरी होते. नारळ खवून त्यात फक्त अर्धी वाटी गरम पाणी घाला, मिक्सरमधून फिरवा आणि सुती कपड्यातून जीव लावून पिळा. हे पहिलं दूधच घ्यायचं. चोथ्यात पुन्हा पाणी घालून काढलेलं दूध भाजीला किंवा सोलकढीला वापरा. पहिलं दूध रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की वर जाड थर धरतो. तो अलगद उचला, तितकीच साखर आणि चिमूटभर मीठ घालून अगदी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत हलवा. उकळी येऊ देऊ नका, तेल सुटेल. आठ जणांना दोन-दोन ग्लास धरले तर तीन नारळ घ्या.

अननस ताजाच हवा, डब्यातल्या ज्यूसला तो सुगंध नसतो. विकत घेताना बुडाशी वास घ्या. गोड वास आला तर पिकलेला, आंबूस आला तर उतरलेला. काहीच वास नसेल तर तो कितीही पिवळा असला तरी ठेवून द्या. फोडी मिक्सरमधून काढून गाळून घ्या. गाळताना घाई करू नका, फेस बसू द्या.

पंकजभाऊ, आइस्क्रीमचं असं आहे की न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एंझाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. केल्याकेल्या प्यायलं तर काही कळत नाही, पण जग भरून ठेवला की कडवट होत जातं. पाहुणे आठ आहेत आणि गप्पा लांबणार आहेत, तिथे ही जोखीम नको.

आता एका ग्लासचं माप: रम ४५ मिली, अननसाचा रस ९० मिली, नारळाची साय ३० मिली, लिंबाचा रस दोन छोटे चमचे. लिंबू बऱ्याच पाककृतींत नसतं, मी मात्र घालतोच. आपल्याकडे पिकलेला अननस फार गोड असतो आणि सायीत साखर आहे, त्या गोडीला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. माप घ्यायला खोकल्याच्या औषधाचं आखलेलं झाकण धुऊन वापरा. अंदाजाने ओतलेली रम हात सैल झाला की वाढतच जाते. ४५ मिलीच्या हिशेबाने ७५० मिलीच्या बाटलीत १६ ग्लास बसतात आणि ३० मिली उरते.

पांढऱ्या रमने रंग शुभ्र येतो आणि अननस पुढे राहतो. ओल्ड मंक घातली तर रंग मळकट तपकिरी होईल, पण तिच्यातला व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा स्वाद अननसाला सुंदर लागतो. ती ४२.८ टक्क्यांची आहे, म्हणून माप तेवढंच ठेवा. माझं मत विचाराल तर ३० मिली पांढरी आणि वरून १५ मिली ओल्ड मंक, न ढवळता. पहिल्या घोटाला नाकाशी ओल्ड मंकचा वास येतो आणि मग खाली अननस लागतो.

बर्फाचे अख्खे खडे मिक्सरमध्ये टाकू नका. कपड्यात गुंडाळून बत्त्याने फोडा, मग सगळं एकत्र थोडा वेळच फिरवा. जास्त फिरवलं की बर्फ वितळतो आणि पुन्हा पाणचट होतं.

गोकुळपेठची_सुनंदा:
बर्फ दोन दिवस आधीपासून घरच्या फ्रिजमध्येच जमवा, डब्यांत भरून ठेवता येतो. बाहेरची लादी आणू नका. खाण्याचा नसलेला बर्फ नियमाप्रमाणे निळसर रंगाचा असायला हवा, तो कारखान्यासाठी असतो. मार्चमध्ये आपल्याकडे संध्याकाळीही गरम होतं, म्हणून ग्लासही तासभर फ्रिजमध्ये ठेवा. सासूबाईंसाठी रमच्या जागी शहाळ्याचं पाणी घाला आणि वरून किंचित जायफळ किसा. माझ्या आईला हे इतकं आवडलं की ती सांगून करवून घेते. फक्त त्यांचे ग्लास आधी करा, म्हणजे मिक्सरला रमचा वास लागलेला नसेल.

मृणाल_प्रतापनगर:
किती मनापासून लिहिलंत! सायीचं आजच करून बघते. आणखी एक. घरात मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री भरपूर आहेत, सासऱ्यांनी ओळखीच्या बागेतून आणली आहेत. जाऊबाईंना नारळ आवडत नाही. संत्र्याचं काही जमेल का?

जुना_बारमन:
जमेल काय, नागपुरात ते व्हायलाच हवं! आपल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी इथल्या बारमध्ये संत्र्याच्या नावाखाली बाटलीतलं सरबत ओततात, याचं मला फार वाईट वाटतं.

बार्बाडोसच्या रम पंचचं जुनं माप आहे: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार सौम्य. ते जसंच्या तसं संत्र्याला लावू नका. मृगाचं फळ आंबिया बहारापेक्षा, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याच्या संत्र्यापेक्षा, गोड असतं, आंबटपणा कमी, नुसती रम घातली तर चव सपाट लागते. लिंबू १५ मिली, साखरेचा पाकही १५ मिलीच, ओल्ड मंक ४५ आणि संत्र्याचा रस ९० मिली. इथे ओल्ड मंकच, पांढरी नको. ग्लासभर बर्फ आणि वर जायफळ. झाकणाच्या बरणीत बर्फासकट जोरात हलवलं तरी पुरे, शेकर लागत नाही.

पण रस मिक्सरमधून काढू नका. बिया चिरडल्या की कडू होतो. आडवं कापून हातानेच पिळा, तेही पाहुणे आल्यावर. संत्र्याचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत आपोआप कडवट व्हायला लागतो, त्याला फ्रिजही पूर्ण थांबवत नाही. सालीचा एक तुकडा ग्लासवर दुमडून दाबा, त्यातलं तेल पृष्ठभागावर उडतं. तो वास जाऊबाईंना नक्की आवडेल.

आणि दिराला सांगून ठेवा: उरलेली बाटली सोबत नेऊ नका, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. रात्री गाडी चालवणाऱ्याला सासूबाईंचाच ग्लास द्या, नाहीतर दोघांना मुक्कामाला ठेवून घ्या. बाटली आणताना दुकानातून दारू पिण्याचा एक दिवसाचा परवाना घ्या. आपल्या राज्यात रमसाठी वय २५ पूर्ण लागतं, तेव्हा मित्रमंडळींत कुणी लहान असेल तर त्याचाही ग्लास शहाळ्याचा.