फोनच्या खोक्यावर जीपीएसची क्षमता छापणे बंधनकारक करावे का?

मांजराकाठ (धागा सुरू करणारे):

गेल्या खरिपात सोयाबीनची नोंद करायला मी वडिलांचा फोन घेऊन आमच्या बांधावर उभा राहिलो, तेव्हा फोनने मला ओढ्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या तुरीत नेऊन ठेवले. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे ॲपमधून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्यासाठी, पिकाचा फोटो गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतून काढावा लागतो, आणि नकाशावरचा निळा ठिपका तर जवळजवळ अडीचशे मीटर लांब जाऊन बसला होता. त्याच जागी माझा फोन उघडला, तर अर्ध्या मिनिटात ठिपका बांधावर आला. वडिलांचा फोन जुना नव्हे, त्याच वर्षी गुढीपाडव्याला औशाच्या बाजारातून घेतलेला होता. घरी येऊन त्याचे खोके पुन्हा वाचले. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, बॅटरीची क्षमता, पडद्याची लांबी सगळे ठळक छापले होते, आणि जीपीएसपुढे 'आहे' एवढा एकच शब्द होता.

माझे म्हणणे असे आहे की हा एक शब्द पुरेसा नाही. केंद्र सरकारने २०१६ साली नियम करून १ जानेवारी २०१८ पासून फोनमध्ये उपग्रहावरून ठिकाण ओळखण्याची सोय असलीच पाहिजे असे ठरवले, पण ती सोय कितपत चांगली असावी हा प्रश्न मोकळाच राहिला. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाखाली तो दबलेला असतो. तिथून तो शोधून काढायचा म्हणजे ॲंटेना आणि चिप दोन्ही चांगले लागतात. काही फोन फक्त १५७५.४२ मेगाहर्ट्झची एल-१ ही एकच लहर ऐकतात, तर काही तिच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झची एल-५ ही लहरही ऐकतात. अशी दोन लहरी ऐकणारा पहिला फोन २०१८ साली बाजारात आला, म्हणजे ही सोय आता नवलाईची राहिलेली नाही. कोणत्या देशांच्या उपग्रहमालिका ऐकू येतात, लहर एक की दोन, आणि इंटरनेट बंद असताना उघड्या रानात पहिले ठिकाण सापडायला किती वेळ लागतो, या तीन गोष्टी खोक्यावर छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे. ज्या यंत्रावर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची पिकाची नोंद उभी आहे, ते यंत्र काय करू शकते हे त्याला विकत घेण्याआधी कळले पाहिजे. आपली मते कळवावीत.

दुधनाकाठ:

मांजराकाठ, आपली तळमळ रास्त आहे, पण निदान चुकले आहे असे मला वाटते. अडीचशे मीटरची चूक उपग्रहाच्या सिग्नलची असणे फारच अवघड आहे. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते, हे जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकी सरकारच्याच माहितीत दिलेले आहे. आणि आपले सोयाबीनचे रान म्हणजे उघडे आकाशच. त्या क्षणी वडिलांच्या फोनला उपग्रह सापडलेच नव्हते आणि त्याने मोबाईल टॉवरवरून अंदाजे ठिकाण दाखवले, असे माझे मत आहे. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळे मोठे वर्तुळ होते का, ते आठवून पाहावे. ते वर्तुळ म्हणजे फोनने स्वतः दिलेली कबुली असते की मी या घेऱ्यात कुठेतरी आहे, नेमका कुठे ते मला ठाऊक नाही.

उपग्रह का सापडले नाहीत, तेही पाहू. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या संथ गतीने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. ठिकाण आणि वेळ मिळून चार गोष्टी काढायच्या असतात, म्हणून निदान चार उपग्रहांची माहिती अखंड हाती लागावी लागते. शहरात फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो, त्यामुळे आपल्याला वाटते की जीपीएस झटपट चालते. शिवारात रेंज नसली की त्याला ती आकाशातूनच ऐकावी लागते, आणि मधे फोन खिशात घातला किंवा लिंबाखाली गेलात की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपल्या फोनमध्ये ही माहिती सकाळी गावातच उतरलेली असेल, वडिलांच्या फोनमध्ये नसेल. हा फरक खोक्यावर काहीही छापून दिसणार नाही.

आणि ५० मीटरच्या अटीला एक लहर पुरते. एल-५ छापायला लावले तर दुकानदार त्याच शब्दावर दोन-तीन हजार जास्त घेईल आणि शेतकरी गरज नसलेल्या गोष्टीसाठी पैसे मोजेल. मला हे मान्य नाही.

बालाघाट:

मी पाटोदा तालुक्यात राहते आणि दर हंगामात गावातल्या पंचवीस-तीस जणांची नोंद त्यांच्याच फोनवरून करून देते, त्यामुळे वेगवेगळे फोन माझ्या हातून जातात. दुधनाकाठ यांचे वर्तुळाचे म्हणणे अगदी खरे आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

मागच्या वर्षी मी एक गोष्ट करून पाहिली. विहिरीच्या कठड्यावर, जिथून चारही बाजूंना आकाश मोकळे दिसते, तिथे दोन फोन शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींचे इंटरनेट बंद केले, दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केले आणि जीपीएसटेस्ट नावाच्या ॲपमध्ये उपग्रहांच्या रेघा पाहत बसले. एका फोनवर मिनिटभरात वीसेक रेघा हिरव्या झाल्या. दुसऱ्यावर रेघा उगवत होत्या, पिवळ्या होत होत्या आणि पुन्हा खाली बसत होत्या. पहिले ठिकाण मिळायला जवळजवळ चार मिनिटे लागली. तो दुसरा फोन हातात धरून वरच्या कडेवर बोटे ठेवली की रेघा आणखी बुटक्या होत. आकाश तेच, वेळ तीच, इंटरनेट दोन्हींना नाही. मग फरक यंत्राचाच म्हणायचा ना? उपग्रहाची लहर वर्तुळाकार फिरत येते आणि फोनमधली लहानशी ॲंटेना तिचा साधारण निम्माच भाग पकडते, असे वाचले होते. त्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि मोबाईलच्या तीन-चार पट्ट्यांच्या ॲंटेना त्याच वीतभर चौकटीत कोंबल्या की स्वस्त फोनमध्ये कुणाला तरी कोपरा मिळतो. तो बहुधा जीपीएसला मिळतो, कारण दुकानात कुणी ते तपासत नाही.

दुकानात तपासून उपयोगही नाही. बीडच्या बाजारपेठेत प्रत्येक फोन ठिकाण बरोबर दाखवतो, कारण आजूबाजूला पन्नास वाय-फाय असतात आणि फोन त्यांच्या नावांवरून जागा ओळखतो. घाटाखाली आमच्या शिवारात एकही वाय-फाय नाही आणि टॉवरही डोंगराआड आहे. तिथे फक्त आकाश उरते. दुकानात जी गोष्ट पारखता येत नाही, तीच छापलेली हवी, म्हणून मी मांजराकाठ यांच्या बाजूने आहे.

गोदाकाठ:

मी नांदेडकडे जमीन मोजणीच्या कामात अनेक वर्षे आहे. दोन्ही बाजूंनी फोनवरच भर दिला आहे, म्हणून नकाशाबद्दल बोलतो.

गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे साधारण १० मीटर. फोनची पाच मीटरची चूक म्हणजे अर्ध्या गुंठ्याची लांबी. बांधाच्या वादात हे फार मोठे अंतर आहे, पण पिकाच्या फोटोला काहीच नाही. खरी अडचण अशी की फोन आपले ठिकाण ज्या रेषांशी ताडून पाहतो, त्या रेषा जुन्या नकाशांवरून संगणकावर आणलेल्या आहेत. मराठवाड्याचे जमिनीचे मूळ अभिलेख हैदराबाद संस्थानाच्या काळापासूनचे. घड्या पडलेला, आखडलेला किंवा ताणलेला कागद उपग्रहाच्या चित्रावर बसवताना रेष थोडी सरकणे स्वाभाविक आहे. रेष तीस मीटर सरकली असेल, तर जगातला उत्तम फोनही तुम्हाला हद्दीबाहेर दाखवेल, आणि खोक्यावर एल-५ छापले असल्यामुळे शेतकरी उलट अधिक गोंधळेल.

बालाघाट ताईंचा प्रयोग मला आवडला, पण उपाय छापील अक्षरात नाही. आम्ही मोजणीला रोव्हर वापरतो. तो खांबावरचा मोठा रिसीव्हर जमिनीवरच्या स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेतो, सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो आणि हातातल्या यंत्राशी ब्लूटूथने जोडला जातो. तसलाच लहान रिसीव्हर ग्रामपंचायतीत एक ठेवला आणि तो कुणाच्याही फोनला जोडता आला, तर कोणाचा फोन भारी आणि कोणाचा हलका हा प्रश्नच राहत नाही.

बालाघाट:

गोदाकाठ सर, ही सूचना ऐकायला छान आहे, पण तिथे एक मोठी अडचण आहे. बाहेरच्या रिसीव्हरचे ठिकाण फोनमध्ये घ्यायचे, तर ॲंड्रॉइडमध्ये ते 'मॉक लोकेशन', म्हणजे बनावट ठिकाण, याच वाटेने आत येते. आणि घरी बसून शेताचे खोटे फोटो कुणी पाठवू नयेत म्हणून ज्या ॲपमध्ये बंदोबस्त केलेला असतो, त्या ॲपला नेमके हेच ठिकाण चालत नाही. म्हणजे अधिक खरे यंत्र जोडले की तेच खोटे ठरते. हे बदलेपर्यंत शेतकऱ्याला स्वतःच्या फोनमधल्या चिपवरच विसंबावे लागेल.

मांजराकाठ:

सर्वांचे आभार. दुधनाकाठ यांनी विचारले म्हणून वडिलांचा फोन घेऊन काल पुन्हा रानात गेलो. सुरुवातीला वर्तुळ खरोखरच मोठे होते, अख्खा ओढा त्यात मावत होता. म्हणजे अडीचशे मीटरचे खापर मी रिसीव्हरवर फोडले ते चुकीचे होते, हे मान्य करतो. पण मग इंटरनेट चालू ठेवून बांधावर उभा राहिलो, तेव्हा वर्तुळ लहान व्हायला माझ्या फोनवर वीस सेकंद आणि वडिलांच्या फोनवर सव्वातीन मिनिटे लागली. सत्तरीला आलेला माणूस चिखलात उभा राहून तीन मिनिटे फोन आकाशाकडे धरील, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही.

एल-५चा आग्रह मी सोडतो. तिच्या सांकेतिक खुणा एल-१पेक्षा दहापट वेगाने बदलतात, त्यामुळे भिंतीवरून परतून आलेली लहर एल-५ ऐकणाऱ्या फोनला चांगली ओळखता येते. शहरातल्या इमारतींमध्ये त्याचा फायदा आहे, उघड्या रानात फारसा नाही. नाविकचा उल्लेख मात्र हवाच. आपल्या देशाच्या उपग्रहांची ही मालिका आहे आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती एल-१ पट्ट्यातही सिग्नल देते, त्यामुळे स्वस्त फोनलाही ती ऐकणे सोपे व्हायला हवे. उरली पहिल्या ठिकाणाची वेळ. ती इंटरनेटशिवाय, उघड्या आकाशाखाली, हातात धरलेल्या फोनवर मोजून छापावी, एवढ्या एका ओळीवर मी ठाम आहे.

दुधनाकाठ:

एका ओळीपर्यंत आलात, म्हणून मीही थोडा सरकतो. वेळ छापायची असेल तर ती कंपनीच्या प्रयोगशाळेतली नको. फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात हे सांगणाऱ्या 'सार' (SAR) मूल्याला जशी ठरलेली चाचणी आणि १.६ वॉट प्रति किलोची मर्यादा आहे, तशी सरकारने चाचणी ठरवून द्यावी. नाहीतर प्रत्येक कंपनी तीस सेकंद छापून मोकळी होईल. तोवर माझा विरोध कायम आहे.

आपल्या वडिलांसाठी मात्र एक सांगतो. घरातून निघण्याआधी अंगणात, रेंज असताना, नकाशा उघडून वर्तुळ लहान होईपर्यंत थांबावे, आणि मग फोन बंद न करता रानात जावे. तेव्हा मिळालेली कक्षेची माहिती पुढचे दोन-तीन तास कामी येते. आमच्याकडे पत्र्याच्या शेडमधून बाहेर येऊन, उंबऱ्यावर नव्हे तर अंगणाच्या मधोमध उभे राहिल्यावरच हे साधते.

बालाघाट:

हे मी उद्याच करून पाहते. त्या दुसऱ्या फोनचा मालक आमच्या गल्लीतच राहतो, आणि त्याची तुरीची नोंद अजून राहिली आहे.