बॅकला खेळणाऱ्या पोराला कुणाचा खेळ दाखवू?

पुतण्या कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल टीमला बॅकला (बचावात) खेळतोय, पण शाहू स्टेडियमवर मॅच असली की नुसता आडवा घुसतोय आन् कार्ड घेऊन येतोय. आईस हॉकीतला लिडस्ट्रॉम दाखव म्हणाला एकजण, कोण हा?

> भावा, निकलस लिडस्ट्रॉम, स्वीडनचा डिफेन्समन, म्हणजे आपला बॅकच! अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज टीमकडनं १९९१ ते २०१२, वीस सीझन एकाच टीमला, चार स्टॅन्ली कप (तिथल्या लीगचं विजेतेपद), सात वेळा नॉरिस ट्रॉफी (सीझनच्या बेस्ट डिफेन्समनला मिळती ती). उगाच अंगावर जायचाच नाही, स्टिक बरोबर पासच्या वाटेत ठेवायचा आन् समोरच्याला कडेकडेनं न्यायचा. पोराला सांगा, पाय घालायची घाई नको.

> २००६ ची ऑलिंपिक फायनल बघाच, फिनलंडविरुद्ध तिसरा म्हणजे शेवटचा पिरियड सुरू झाला की लगेच लांबनं हाणलाय, त्याच गोलवर ३-२ नं गोल्ड. नाद खुळा!

> बघितलं राव. पोरगं मागं घेऊन घेऊन त्याची स्टिकच बघत बसलंय.